ऐन, अर्जुन आणि ‘अर्धा’

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसानं गुडघ्याला लावायचं तेल शोधावं, मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आमच्या सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आम्ही तिघं, त्यातला बिनडॉक्टर मी एकटा. प्रत्येक मीटिंगमध्ये प्राचार्य माझ्याकडे बघून सुस्कारा सोडत. त्या सुस्काऱ्यांना कंटाळून मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडमना गाठलं. मॅडम माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि त्या माझ्या गाईड. त्या मला ‘सर’ म्हणत आणि माझा कागद तांबड्या शाईनं रंगवून परत देत.

मॅडमचं परदेशातलं सगळं काम बीच नावाच्या झाडावर झालेलं. आपल्याकडे ते झाड नाही, म्हणून मला ते फक्त त्यांच्या संगणकावर भेटलं. गुळगुळीत खोड, सुबक पान, एकंदरीत सुखवस्तू घरातलं वाटलं. पानाचा हिरवा रंग ज्या बारीक कणांत असतो त्यांना हरितलवक म्हणतात. ते पानाचं स्वयंपाकघर. या स्वयंपाकघराची स्वतःची वेगळी जनुकीय पोथी असते, आणि बहुतेक झाडांत ती फक्त आईकडून येते, बापाचा तिथं काडीचा संबंध नाही. पोथी वाचली की झाडाचं आजोळ कळतं. बीचच्या बाबतीत मॅडमनी पाहिलं होतं, की एकाच डोंगरावरच्या दोन वेगवेगळ्या जातींचं आजोळ कधीकधी एकच निघतं. म्हणजे कोणे एके काळी शेजाऱ्याशेजाऱ्यांत सूत जमलेलं असतं आणि घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

‘आपल्याकडे असे शेजारी म्हणजे ऐन आणि अर्जुन,’ मॅडम म्हणाल्या. ‘दोन्ही मिळतील कुठेही. मला अधलंमधलं झाड हवंय. गडचिरोलीत आरमोरीकडे कोसा काढणाऱ्या लोकांना ते ओळखता येतं म्हणे.’ कोसा म्हणजे टसर रेशीम आणि त्याचा कोषही. त्याचे किडे घरात तुतीच्या टोपलीत वाढत नाहीत, रानात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. ते अधलंमधलं झाड नसेल तर माझा प्रबंध म्हणजे दोन परिचित माणसांची पुन्हा एकदा ओळख करून देणं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. उरली होती दिवाळीची सुट्टी.

दिवाळीत नवरा गडचिरोलीला पानं तोडायला जातो, हे सासरच्या मंडळींना कसं सांगायचं, यावर बायकोनं बराच विचार केला आणि शेवटी सांगितलंच नाही. तिनं माझ्या पिशवीत डास पळवायच्या मलमाच्या चार ट्यूबा कोंबल्या. ‘तिकडे मलेरिया आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ लावायचं,’ हा आदेश. मी आयुष्यात कुणाचे आदेश पाळले असतील तर मॅडमचे आणि बायकोचे.

आरमोरी

आमच्याकडे भात हा जेवणाच्या शेवटी येणारा पाहुणा. आरमोरीत तो घरमालक आहे. बसमधून उतरेपर्यंत दोन्ही बाजूंना धानच धान, कुठं पिवळं पडलेलं, कुठं कापून आडवं केलेलं. स्टँडजवळच्या खानावळीत बसलो तर ताटात आधी भाताचा डोंगर आला, मग त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण. पोळीबद्दल विचारलं तेव्हा मालकानं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

‘मरळ हाय ताजी. देऊ का?’

दिली. वैनगंगेतली मरळ, तिखटजाळ रस्सा, वर झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी आणि ‘आणखी वाढा’ हे तिन्ही एकाच वेळी चालू होतं. कोसा काढणारे लोक कुठं भेटतील, हेही मी तिथंच विचारलं. मालकानं डोमाजीभाऊचं नाव सांगितलं आणि गाव समजावलं. जेवून उठताना मला वाटलं, संशोधन हे लोक उगाच अवघड आहे म्हणतात.

डोमाजीभाऊचं रान

डोमाजीभाऊ साठीचे, काटक, जन्मानं ढिवर. वर्षभर तळ्यात जाळं टाकणारं घर, आणि कोशाच्या दिवसांत सगळं घर रानात. मुलगा धानकापणीला गेलेला, म्हणून किडे राखायला सासरा आणि सून, दोघंच. सुनेचं नाव वनिता. हातात गुलेल, म्हणजे आपली गलोल, आणि नेम असा की पाखरू फांदीवर टेकायच्या आत उठत होतं. ‘माहेरातूनच शिकून आली,’ डोमाजीभाऊंनी अभिमानानं सांगितलं. ‘किड्याले हात लावावं तं हिनंच.’

मी येण्याचं कारण सांगितलं. माझी विद्यापीठाची चिठ्ठी त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितली आणि रानाबाहेरच्या झोपडीच्या छपरात खोचली.

‘आत याचं तं सांगा मास्तर. मच्छी-मटन खाल्लं का दोन दिवसांत?’

कोशाच्या दिवसांत या घरात मासा शिजत नाही. ज्यांचा जन्म मासे धरण्यात गेला ते महिना-दीड महिना माशाला शिवत नाहीत, साबण लावत नाहीत, केसांना तेल लावत नाहीत, चप्पल घालून किड्यांच्या झाडाखाली जात नाहीत. हे सगळं मला खानावळीतच कळलं होतं, फक्त मरळ खाऊन झाल्यावर.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘तेल-अत्तर काई?’

‘छे.’

पहिलं उत्तर धडधडीत खोटं होतं. दुसरं मी मनापासून दिलं. मलम म्हणजे तेल नव्हे आणि अत्तर तर नव्हेच, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन होता. चपला काढल्या, तळ्याच्या पाण्यानं हातपाय धुतले. पाणी हातावरून थेंबाथेंबानं घरंगळून गेलं. सकाळीच कोपरापर्यंत चोपडलेलं होतं.

आत गेलो. पुरुषभर उंचीची छाटलेली झाडं, आणि फांदीफांदीवर बोटाएवढे हिरवेगार किडे, अंगावर चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे. ते खात होते. दुसरं काही करत नव्हते. कान दिला तर कुरतडण्याचा आवाज ऐकू येत होता. नुकतीच चौथी कात टाकून उठलेले, म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भूक लागलेले. एवढ्या एकाग्रतेनं माझा एकही विद्यार्थी कधी काही करताना मला दिसलेला नाही.

‘हा येन,’ डोमाजीभाऊ दाखवू लागले. ऐनाला तिकडे येन म्हणतात. ‘हा अर्जून. हा येन. अन् हा तुमचा.’

खरंच होतं ते. खोड खाली ऐनासारखं मगरीच्या पाठीचं, वर अर्जुनासारखं पांढुरकं, सोललेलं. पान लांबीनं अर्जुनाचं, जाडीनं ऐनाचं. मला त्या झाडाला मिठी मारावीशी वाटली.

‘याले आमी अर्धा म्हनतो. ना इकडचा ना तिकडचा.’

‘किड्यांना कळतो का फरक?’

‘किडा खाते जी. त्याले तुमच्यासारखे सवाल नाई पडत.’

मी आजोळाची, पोथीची गोष्ट सांगितली. या झाडाची आई कोण, ऐन की अर्जुन, हे मला शोधायचं आहे म्हटलं.

‘माय पाहून का करता? लगन लावता का त्याचं?’

वनिता मागून हसली. ‘बापाचं नाव नाईच लागत, बाबा. मास्तर म्हनून राह्यले ना, झाडाईत मायचंच चालते.’

‘झाडाईत चालू दे,’ डोमाजीभाऊ म्हणाले.

मी पान तोडायला हात लावला तसा त्यांनी मनगट धरलं. किडा खात असलेल्या झाडाचं पान माणूस तोडत नाही. किड्यांना कोसा बांधू द्या, मग झाड तुमचं. दहा-बारा दिवस. घासाघीस करून काही उपयोग झाला नाही. मात्र बघायला, फोटो काढायला हरकत नव्हती. मग मी बघितलं. ऐनाच्या पानाखाली देठापाशी बारीक गाठी असतात, त्या इथं आहेत का हे पाहायला त्या झाडाची एकूण एक फांदी खाली ओढली, पान न् पान उलटं केलं, चिमटीत धरून चोळलं. तासभर.

‘काई तरी गोड वास येऊन राह्यला,’ डोमाजीभाऊ मध्येच नाक वर करून म्हणाले आणि त्यांनी सुनेच्या केसांकडे बघितलं. मी गाठी मोजत होतो.

सिंदेवाही, वरोरा आणि एक नाका

मधले दिवस वाया घालवायचे नाहीत म्हणून शुद्ध ऐन आणि शुद्ध अर्जुन गोळा करायला निघालो. पान तोडायचं, चुरगळू न देता निळ्या खड्यांच्या पिशवीत टाकायचं. हे खडे पानातलं पाणी शोषून घेतात आणि पोट भरलं की गुलाबी होतात. सिंदेवाहीपर्यंत माझे सगळे खडे गुलाबी झाले. बाजारातून एक कढई घेतली आणि लॉजमागच्या चुलीवर खडे भाजत बसलो. लॉजच्या बाई बराच वेळ बघत होत्या. खडे हळूहळू निळे झाले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मीठ घालाचं राह्यलं ना जी?’ कढई माझीच होती म्हणून बरं, पण ते खडे खायचे नाहीत हे त्यांना पटवताना नाकी नऊ आले.

वरोऱ्याकडे जाताना एका नाक्यावर बस थांबली आणि माझी पिशवी उघडली गेली. ऐंशी प्लास्टिकच्या पुड्या, प्रत्येकीत एक पान, खाली निळे खडे, वर नंबर. शिपायानं वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना.

‘काय आहे हे?’

‘ऐनाची पानं. सांगलीहून आलोय.’

‘मग झाड तर हे समोरच आहे. यासाठी सांगलीहून आले?’

मी हरितलवकाची पोथी, आजोळ, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, पिशवी परत दिली आणि शिपायाला हळूच म्हणाले, ‘मास्तर आहे. जाऊ दे.’ यापेक्षा नेमका शेरा माझ्या प्रबंधावर अजून कुणी दिलेला नाही.

पुन्हा रानात

पाचव्या दिवशी डोमाजीभाऊंकडे परतलो. खरं तर नुसती चौकशी करून जाणार होतो. वनिता रानाबाहेर चुलीपाशी बसलेली होती. गुलेल दिसली नाही. डोमाजीभाऊ एकटेच आत पाखरांवर ओरडत फिरत होते.

‘अर्ध्यावरचे किडे पडले,’ ते म्हणाले. ‘पह्यले खानं सोडलं, मंग हिरवं ओकले, मंग पटापट खाली. वाचले तेवढे दुसऱ्या झाडावर हलवले.’ मग म्हणाले, ‘सुनेनं वासाचं तेल लावलं. बाटली सापडली तिच्या गाठोड्यात.’

‘उघडलीच नाई म्या,’ वनिता चुलीकडे बघत म्हणाली. ‘दिवाळीची आनली होती. कोसा झाल्यावर लावाची होती.’

‘मंग वास कुठून आला? माहं नाक खोटं बोलते का?’

तिला उद्या माहेरी पाठवायचं ठरलं होतं. ‘आता रानात पाय नाई ठेवाचा हिनं, या साली नाई अन् पुढंही नाई.’ पाहुण्यासमोर हे बोलणं चाललेलं, आणि ती भात उकरून माझ्या ताटात वाढत होती.

माझ्या शर्टाच्या खिशात मलमाची ट्यूब होती. डोमाजीभाऊ ‘वास’ म्हणाले त्या क्षणी मला कळलं. लिंबाचा, थोडा गोडसर. मी मुकाट्यानं जेवायला बसलो. आणि शास्त्र किती कामाला येतं बघा. जेवताना मी स्वतःला समजावत होतो, की एका झाडावरून निष्कर्ष काढता येत नाही, रोगही असू शकतो, हवा दमट आहे. मी आत्ता बोललो तर अर्धा गेला, मुदत गेली, प्राचार्यांचे सुस्कारे जन्मभर कायम. भात वाढला, तो खाल्ला. वरण घेतलं. हे सगळं आता लिहितानाही मला लाज वाटते.

हात धुतले आणि ट्यूब काढून डोमाजीभाऊंच्या पुढं ठेवली.

‘तिनं काही केलेलं नाही. हे माझ्या हाताला होतं. वास याचा होता.’

त्यांनी ट्यूब उघडून हुंगली.  उठले, रानातून ऐनाच्या दोन डहाळ्या आणल्या. एकीच्या पानांना मलम चोळलं, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींवर एकेक किडा सोडला आणि उकिडवे बसून राहिले. आम्हीही बसलो. साध्या डहाळीवरचा किडा खाऊ लागला. मलमाच्या डहाळीवरच्यानं डोकं उचललं, इकडं हलवलं, तिकडं हलवलं, हिरवं पाणी ओकलं आणि थोड्या वेळानं सुटून खाली पडला. नियंत्रित प्रयोग कसा करावा, यावर मी कॉलेजात वीस वर्षं लेक्चर देतो आहे. मला तो सुचला नव्हता.

‘मच्छी खाल्ली होती तुमी,’ डोमाजीभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

‘हो.’

‘मालूम होतं. खानावळवाल्यानं त्याच दिवशी निरोप धाडला, मास्तर मरळ खाऊन येऊन राह्यले म्हून. तरी आत येऊ देलं म्या. मोठ्या मानसाले खोटा कसा म्हनाचं?’

‘मले तं खोटी म्हनता आलं,’ वनिता म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. तिनं माझं ताट उचललं, खरकटं एका बाजूला काढलं आणि मग माझ्याकडे वळली.

‘मास्तर, माह्या हातचं पोटभर जेवले, अन् मंग बोलले.’

 

डोमाजीभाऊ आत गेले, गुलेल आणली आणि तिच्यापुढं धरली. तिनं लगेच घेतली नाही. ते तसेच हात पुढं करून उभे राहिले. सासऱ्यानं सुनेपुढं इतका वेळ हात धरून उभं राहणं आमच्याकडे मी कधी पाहिलेलं नाही, तिकडेही रोज घडत नसावं. ‘रान तुह्यं,’ ते शेवटी म्हणाले. ‘कोनाले आत घ्याचं ते तूच पाहा.’ मग तिनं गुलेल घेतली.

मला तिनं आत घेतलं नाही, आणि ते योग्यच होतं. उरलेल्या तीन ट्यूबा मी शाळेच्या मास्तरांना देऊन टाकल्या. आठ दिवस गावातल्या शाळेच्या ओसरीवर राहिलो, डासांनी मनसोक्त पाहुणचार झोडला. रोज सकाळी बांधापाशी जाऊन उभा राहायचो. दुपारपर्यंत ढेकळं फेकून पाखरं हाकायचो, बाहेरूनच. तिसऱ्या दिवसापासून ती कुठल्या बाजूला कावळे आहेत ते मला ओरडून सांगू लागली. माझा नेम पाहून एकदा हसलीसुद्धा. ते हसू माफीचं होतं असं मी म्हणणार नाही. माझा नेम खरोखरच वाईट होता.

बायकोला एसटीडी बूथवरून फोन केला. मलम लावतोस ना, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तेही खोटं होतं, पण त्यानं कुणी मेलं नाही.

तोडणीचा दिवस

कोसा बांधून झाला आणि वनितानं मला बोलावणं पाठवलं. रानात शिरलो तर झाडं ओळखू येईनात. किड्यांनी एक पान ठेवलेलं नव्हतं. नुसत्या काड्या, आणि काड्यांना लटकलेले पिवळसर, अंड्याएवढे कोसे, शेकड्यांनी. डोमाजीभाऊ आणि त्यांचा मुलगा ते काढून टोपल्यांत टाकत होते. या साऱ्या उघड्याबोडक्या झाडांच्या मधोमध एकच झाड वरपासून खालपर्यंत हिरवंगार उभं होतं. अर्धा. त्यावर एकही कोसा नव्हता.

‘घ्या, मास्तर,’ वनिता म्हणाली. ‘लय उरले पानं.’

मी पंधरा पानं घेतली. वनिता तिथंच उभी होती, म्हणून एकेक पान नीट देठापासून तोडलं.  मग ती टोपली उचलून पुढच्या झाडाकडे गेली.

पुण्यात दोन महिन्यांनी पोथी वाचून झाली. अर्ध्याची आई अर्जुन निघाली. मॅडम खूश झाल्या, प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या झाडावर उभं राहिलं. पानं टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, ‘सर, कोशाच्या रानातून इतकी अखंड पानं? एक छिद्र नाही!’ आणि त्यांनी नमुन्याचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. झाडाची जात, गाव, तालुका, तारीख, सगळं भरलं. शेवटच्या रकान्यात पानांची अवस्था लिहायची असते. मी जे खरं होतं तेच लिहिलं: निरोगी, किड्यांनी खाल्लेली नाहीत.